तुणीचा सरळ बुंधा हवा असेल तर

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा सर्वांच्या नजरेत भरतो, परंतु त्याची दांडी आणि तबली (भोपळ्याचे तोंड झाकणारी पातळ फळी) ज्या हलक्या, विटकरी रंगाच्या, सुवासिक लाकडातून घडवतात, ती तून किंवा तुणी फार थोड्यांनी झाड म्हणून पाहिलेली असते. कडुनिंबाच्या कुळातले हे झाड सह्याद्रीतल्या ओलसर दऱ्यांत, ओढ्यांच्या काठी वाढते. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनांतही ते आहे आणि तिथे एकोणिसाव्या शतकात ‘लाल सोने’ म्हणून त्याची बेसुमार तोड झाली.

लागवडीची सुरुवात बियांपासून करावी. पावसाळ्याच्या तोंडावर फळे हिरवी न राहता तपकिरी दिसू लागली की ती उकलण्याआधीच उतरवावीत, कारण एकदा का फळाच्या पाच फाका झाल्या, की दोन्ही टोकांना पातळ पंख असलेले बी वाऱ्यावर निघून जाते. फळे कापडावर पसरून उन्हात वाळवली म्हणजे बी आपोआप सुटते. ते फार दिवस टिकत नाही, तेव्हा लगेच गादीवाफ्यावर पेरावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि पावसाच्या थेट माऱ्यापासून आडोसा करावा. वर्षभराची रोपे पुढच्या पावसाळ्यात खोल, भुसभुशीत जमिनीत लावावीत. पाणी साचणारी जागा मात्र टाळावी.

एवढ्यापर्यंत काम सोपे आहे. खरी परीक्षा शेंडा पोखरणाऱ्या अळीशी असते, आणि निव्वळ तुणीचीच बाग केली तर ती हमखास येते. हिप्सिपायला नावाच्या पतंगाची ही अळी कोवळ्या कोंबात शिरून आतला गाभा खाते. शेंडा मान टाकतो आणि छिद्रापाशी रेशमी धाग्यात अडकलेला भुसा दिसतो. मुख्य कोंब मेला की खालून तीन-चार धुमारे एकदम फुटतात, झाड झुडपासारखे पसरते आणि दांडीला लागणारा सरळ सोट हातचा जातो. म्हणून रोपे इतर झाडांच्या विरळ सावलीत, एकमेकांपासून दूर लावावीत. नवी पालवी फुटण्याच्या दिवसांत दर आठवड्याला शेंडे तपासावेत. कोमेजलेला कोंब पोखरलेल्या भागाच्या खाली, निरोगी लाकडापर्यंत कापून अळीसह जाळावा. नंतर आलेल्या धुमाऱ्यांपैकी सर्वांत जोमदार आणि उभा तेवढाच ठेवून बाकीचे लहान असतानाच खुडावेत. बुंधा पुरेसा उंच होईपर्यंत ही देखरेख दरवर्षी करावी लागते, आणि माझ्या मते बहुतेकांची लागवड याच कंटाळ्यापायी फसते.

झाड तयार होऊन तोडल्यावर फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात आणि सावकाश वाळू द्याव्यात, कारण उन्हात घाईने वाळवलेली फळी पिळवटते. रंधा मारल्यावर वाढीची वलये ठळक दिसतात. ताज्या लाकडाचा फिकट तांबूसपणा हवेत हळूहळू गडद होत जातो, त्यामुळे पॉलिशची छटा ठरवण्याची घाई करू नये.