सुगंधी तेलाची जीवाणूरोधक क्षमता कशी तपासावी

लवंग, ओवा किंवा टी ट्री यांचे तेल प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंवर चालते का, हे पाहण्यासाठी पुष्कळ जण तेलात भिजवलेली कागदी चकती जीवाणू पसरलेल्या आगरवर (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर) ठेवून भोवतीचे जीवाणू न वाढलेले वर्तुळ मोजतात. ही पद्धत सोपी पण फसवी आहे. तेल पाण्यात विरघळत नसल्याने आगरमध्ये नीट पसरत नाही, शिवाय त्याचा काही भाग उडून जातो. म्हणून लहान वर्तुळावरून तेल निकामी ठरवू नये.

खात्रीचे उत्तर 96 छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये, तेलाची वेगवेगळी प्रमाणे जीवाणूंवर तपासून मिळते. त्याआधी तेलाचे घटक गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखण्याच्या तंत्राने) तपासून घ्यावेत, कारण एकाच नावाच्या दोन बाटल्यांतील द्रव्य सारखे असेलच असे नाही.

म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जीवाणू वाढवण्याच्या पोषक द्रवात) 0.5 टक्के ट्वीन 80 (तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य) आणि 4 टक्के तेल घालून दुधाळ मिश्रण होईपर्यंत ते जोरात घुसळावे. थोडा वेळ स्थिर राहिले की तेलाचे थेंब पुन्हा वर तरंगू लागतात, त्यामुळे प्रत्येक वेळी ढवळूनच घ्यावे. हे मिश्रण खळग्यागणिक निम्मे करत न्यावे आणि प्रत्येक खळग्यातील 100 मायक्रोलिटरमध्ये मिलिलिटरमागे सुमारे 10 लाख जीवाणू असलेले तेवढेच द्रावण घालावे, म्हणजे एकत्र झाल्यावर जीवाणू मिलिलिटरमागे सुमारे 5 लाख राहतील. नुसते ट्वीन व जीवाणू असलेला एक खळगा हवाच. तो विसरला, तर परिणाम तेलाचा की ट्वीनचा हे सांगता येत नाही. प्लेट चिकटपट्टीने बंद करावी, नाहीतर एका खळग्यातील वाफ शेजारच्या जीवाणूंनाही मारते. एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जीवाणू) हाताळायचा असल्यास दुसऱ्या स्तराची जैवसुरक्षा असलेली प्रयोगशाळाच हवी.

35 अंश सेल्सिअसला 16 ते 20 तास ठेवल्यावर गढूळपणा पाहून काही कळत नाही, कारण तेलच गढूळ असते. म्हणून रेझाझुरिन हा निळा रंजक घालावा: जिवंत जीवाणू निळा रंग गुलाबी करतात आणि निळ्या राहिलेल्या खळग्यांतील सर्वांत कमी प्रमाण हे त्या तेलाचे रोधक प्रमाण होय. निळ्या खळग्यांतला थेंब ताज्या आगरवर लावला, की जीवाणू मेले की केवळ थांबले तेही कळते.

आकडा वाचताना घाई नको. उदाहरणार्थ, रोधक प्रमाण 0.25 टक्के आले, तर ते म्हणजे मिलिलिटरमागे 2 मिलिग्रॅमहून अधिक तेल, तर प्रतिजैविके मायक्रोग्रॅममध्ये मोजली जातात. म्हणून या निकालावरून तेल पिण्याचा किंवा चालू उपचार थांबवण्याचा सल्ला कोणालाही देता येत नाही. माझ्या मते अधिक उपयुक्त प्रश्न वेगळा आहे: तेलाच्या जोडीने प्रतिजैविक कमी मात्रेत पुरते का? त्यासाठी दोन्हींची प्रमाणे एकाच प्लेटवर आडवी-उभी बदलत न्यावीत आणि दोघांचा एकत्रित निर्देशांक (प्रत्येकाचे जोडीतील रोधक प्रमाण भागिले एकट्याचे रोधक प्रमाण, या दोन्हींची बेरीज) 0.5 किंवा त्याहून कमी आला, तरच त्याला परस्परपूरक परिणाम म्हणावे.