जुनी डीझेल मर्सिडीज दान करायचीय? आधी हे वाचा

सांगलीच्या आत्याला फोनवर सांगितलं की मर्सिडीज दान करतोय, तर ती म्हणाली, "मोठा कर्ण लागून गेलास की काय रे?" आता तिच्या डोळ्यासमोर कुठली गाडी आली असेल देव जाणे, माझी होती १९८४ ची ३०० डी टर्बो, म्हणजे ते डब्ल्यू १२३ मॉडेल, पाच सिलिंडरचं तीन लिटर डीझेल इंजिन, सकाळी सुरू केली की अख्ख्या गल्लीला कळायचं. मी कॅलिफोर्नियात बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहतो, इथे रेडिओवर दर तासाला "जुनी गाडी द्या, टॅक्स वाचवा" चालू असतं, त्यामुळे आपल्या बऱ्याच लोकांना वाटतं की गाडी दिली की तिची किंमत टॅक्समधून वजा. तसं नाहीये.

२००५ पासून नियम असा आहे की दान घेणाऱ्या धर्मादाय संस्थेने गाडी लिलावात विकली तर ती जेवढ्याला विकली गेली तेवढंच डिडक्शन, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजावट, तुम्ही नेटवर बघून ठरवलेली किंमत नाही. ५०० च्या आत विकली गेली तर ५०० डॉलर किंवा बाजारभाव, यातलं जे कमी असेल ते घेता येतं. आणि हे सगळं तुम्ही आयटमाइझ करत असाल, म्हणजे सरसकट वजावट न घेता एकेक खर्च दाखवत असाल, तरच. २०२५ साली नवरा-बायकोचं मिळून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ती सरसकट वजावट, ३१,५०० डॉलर होतं, घराचं मोठं व्याज वगैरे नसेल तर तिथपर्यंत कोण पोचतंय, मग गाडी देऊन टॅक्समध्ये शून्य फायदा. आयटमाइझ करत असाल आणि समजा गाडी १२०० ला गेली, तुम्ही २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये, तर फेडरल टॅक्समध्ये वाचले फार तर २६४ डॉलर. बास. म्हणून द्यायची असेल तर द्यायची म्हणून द्या, टॅक्ससाठी नको.

आता या गाड्यांचा एक वेगळाच प्रकार आहे. लिलावात बोली लावणारे बरेचसे डीलर नाहीतर भंगारवाले, त्यांना जुनं डीझेल म्हणजे कटकट. पण बाहेर या गाड्यांचे शौकीन लोक आहेत, ते चांगल्या राखलेल्या १२३ ला आजही हजारो डॉलर देतात. त्यामुळे गाडी धड चालत असेल तर माझं प्रामाणिक मत, स्वतः विका आणि चेक संस्थेला द्या, संस्थेला जास्त पैसे मिळतात, तुमचं डिडक्शनही जास्त. इथे १९९७ आणि त्याआधीच्या डीझेल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) लागत नाही त्यामुळे विकणं सोपं आहे. १९९८ किंवा त्यानंतरची डीझेल असेल तर विकणाऱ्याला स्मॉग सर्टिफिकेट द्यावं लागतं, आणि ब्लूटेकवाल्या गाडीत (मर्सिडीजची अलीकडची डीझेल) ते धूर स्वच्छ करणारं अ‍ॅडब्लू द्रव आणि एक्झॉस्ट फिल्टरचं झंझट सुरू झालं, चेक इंजिनचा दिवा लागला, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. अशी गाडी मात्र सरळ दान करा, डोक्याला ताप नको.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो पण थोडे फोन करावे लागतात. संस्था गाडी विकणार नसेल, स्वतःच्या कामाला खरंच भरपूर वापरणार असेल किंवा मोठी दुरुस्ती करून मग विकणार असेल किंवा एखाद्या गरजू माणसाला फुकट किंवा स्वस्तात देणार असेल, तर पूर्ण बाजारभाव धरता येतो. फक्त तसं त्यांनी १०९८-सी फॉर्मवर (गाडी मिळाल्याची टॅक्ससाठीची पावती) लिहून दिलं पाहिजे, तोंडी चालत नाही. कम्युनिटी कॉलेजच्या ऑटो शॉपला विचारून बघा, तसलं मेकॅनिकल पंपाचं डीझेल पोरांना उघडून बघायला छान असतं. बाजारभाव ५,००० च्या वर धरणार असाल तर अप्रेझल, म्हणजे तज्ज्ञाकडून किमतीचं मूल्यांकन, करून घ्यावं लागतं हे लक्षात ठेवा.

संस्था निवडताना आधी आयआरएसच्या (इथलं आयकर खातं) साइटवर नाव टाकून ती ५०१ सी ३, म्हणजे करसवलतीला पात्र धर्मादाय संस्था, आहे का बघा. मग थेट विचारा की गाडी तुम्ही घेता की मधली कंपनी घेते, आणि शंभरातले तुमच्या हातात किती पडतात. गोलगोल बोलायला लागले तर दुसरीकडे फोन लावा.

आता गाडी नेतात त्या दिवसाचं, कारण तिथे माझी फजिती झाली. टो ट्रकवाला आला, चांगला होता बिचारा, म्हणाला मी चालवतच वर चढवतो. चढवली, चावी फिरवली, चावी काढून हातात घेतली आणि इंजिन आपलं चालूच! त्याने चावीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. या गाड्यांचं इंजिन व्हॅक्यूमने बंद होतं, व्हॅक्यूम लीक असला की चावी काढली तरी ते धडधडत राहतं (दरवाज्यांची सेंट्रल लॉकही त्याच व्हॅक्यूमवर, तीही गेलेली असतात बहुतेक). मी ट्रकवर चढलो, बॉनेट उघडलं आणि स्टॉप लिहिलेला दांडा हाताने दाबला तेव्हा कुठे शांत झालं.

मग घरात जाऊन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणलं आणि डॅशबोर्डला टेपने चिकटवलं. तुम्ही आधीच करा. फक्त डीझेल भरा. चावी अर्धी फिरवा, पिवळा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच स्टार्टर मारा. बंद नाही झाली तर बॉनेटमधला दांडा. हा कागद नसेल तर यार्डातला पोरगा दिवा विझायची वाट न बघता स्टार्टर मारत बसणार, थंड इंजिन काही पेटणार नाही आणि लिलावाच्या यादीत "चालू होत नाही" असा शेरा पडला की भाव तिथेच संपला. आणि तुमच्या किंवा आधीच्या मालकाने तळणीचं तेल घालून चालवली असेल (बर्कलेकडे हा उद्योग बराच झालाय, मागून भज्यांचा वास येतो) तर तेही लिहा.

कागदपत्रं म्हणजे मुख्य टायटल, गाडीच्या मालकीचा कागद, ज्याला इथे अजून पिंक स्लिप म्हणतात. हरवलं असेल तर आधी डीएमव्हीकडून (इथलं आरटीओ) नवीन काढा. सही ठरलेल्या जागीच करा, खाडाखोड झाली तर वेगळा कागद भरावा लागतो. नंबर प्लेट कॅलिफोर्नियात गाडीवरच राहते, न्यू जर्सीत मात्र काढून जमा करायची आणि त्यानंतरच इन्शुरन्स बंद करायचा. इथे पाच दिवसांच्या आत डीएमव्हीच्या साइटवर रिलीज ऑफ लायबिलिटी (गाडी आता माझी नाही ही सूचना) भरा, दहा मिनिटांचं काम आहे, नाहीतर पुढच्या माणसाची पार्किंगची तिकिटं तुमच्या घरी येतात. गाडी विकल्यापासून ३० दिवसांत संस्थेने १०९८-सी पाठवायला हवा, ५०० च्या वर डिडक्शन घेणार असाल तर तो रिटर्नला जोडायचा आणि सोबत वस्तूदानाचा ८२८३ फॉर्म.

पुण्यातून एक-दोघांनी विचारलं म्हणून सांगतो, भारतात देणगीवरच्या आयकर सवलतीत (जिला सगळे ८०जी म्हणतात) फक्त पैशाचं दान धरतात, वस्तू दिली तर वजावट नाही, तेव्हा तिकडे सरळ विकून रक्कम दिलेली बरी. गाडीच द्यायची असेल तर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून आरसी संस्थेच्या नावावर झाल्याशिवाय चावी सोडू नका.

शेवटचं, गाडी रिकामी करताना ग्लोव्ह बॉक्स, सीटखाली, डिकीत सगळीकडे हात घाला. गॅरेजचा रिमोट विसरू नका, त्याच्याबरोबर ग्लोव्ह बॉक्समध्ये तुमच्या पत्त्याचा कागद राहिला तर झालंच. मी सगळं काढलं पण काचेवरचा फास्टट्रॅकचा टॅग (टोल आपोआप कापणारा) राहिला. दोन महिन्यांनी स्टेटमेंट बघतोय तर बे ब्रिजचे दोन टोल माझ्या खात्यातून गेलेले. टॅग लगेच बंद केला, पण कुणीतरी तिला पुलावरून नेतंय हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.