अनोळखी माणसाला पोस्टकार्डावर हायकू कसा पाठवावा

पोस्टकार्डाची अर्धी बाजू पत्त्यात जाते. उरलेल्या जागेत फार तर पाच-सात वाक्यं मावतात, आणि समोरचा माणूस अनोळखी असला की तीही सुचत नाहीत. ‘मी पुण्यात राहते, मला वाचनाची आवड आहे’ यापुढे गाडी सरकत नाही. अशा वेळी हायकू कामाला येतो. तीन ओळी, डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट, आणि वाचणाऱ्याला तुमची कुळकथा ठाऊक नसली तरी अडत नाही.

हे इतकं सहज जमतं, कारण हायकू जन्मला तोच पाहुणाचारात. जपानमध्ये चार माणसं एकत्र बसून साखळी-कविता रचत, तिचं नाव रेंगा. एकाने तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने त्यांना दोन जोडायच्या, तिसऱ्याने पुन्हा तीन. सुरुवातीच्या तीन ओळींना होक्कू म्हणत आणि त्या म्हणण्याचा मान बहुधा पाहुण्याचा असे. चालू ऋतूची काही खूण त्यात घालून यजमानाला केलेला तो नमस्कार असायचा. कवी बाशो (१६४४–१६९४) पायी हिंडत असे आणि जिथे मुक्काम पडेल तिथल्या बैठकीत असे होक्कू म्हणत असे. पुढे कवी मासाओका शिकीने (१८६७–१९०२) हे पहिलं कडवं साखळीतून सोडवून स्वतंत्र कविता म्हणून उभं केलं आणि हायकू हे नाव रूढ केलं.

आधी हायकू, मग कार्ड

बहुतेक जण उलटं करतात. सुंदर कार्ड आणतात, समोर ठेवतात आणि मग पेन चावत बसतात. कार्ड बाजूला ठेवा. आठवडाभर खिशात छोटी वही बाळगा आणि दिवसाकाठी पाहिलेली किंवा ऐकलेली एक गोष्ट एका वाक्यात टिपा. ‘आज फार एकटं वाटलं’ ही नोंद हायकूच्या कामाची नाही. ‘समोरच्या गॅलरीत दोन दिवस तोच टॉवेल वाळतोय’ ही आहे.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. त्यांच्यामुळे जी रीत पडली तीच अजून चालते: ओळी तीन, त्यांतल्या कोणत्याही दोन ओळींचं यमक जुळलेलं, आणि अक्षरांच्या मोजणीचा जाच नाही. जपानी हायकूत पाच-सात-पाच अशी सतरा उच्चार-मात्रांची बांधणी असते, पण त्या मात्रा म्हणजे आपली अक्षरं नव्हेत. त्यामुळे बोटं मोजून सतरा अक्षरं भरण्यात मला काही अर्थ दिसत नाही. यमक मात्र ठेवा. मराठी कानाला त्याची सवय आहे आणि तीन तुटक ओळी त्याने एकत्र राहतात.

खरी मेहनत पुढे आहे. समजा, वहीत नोंद आहे: ‘स्टँडवर एक म्हातारी लेकीला सोडायला आली होती.’ पहिल्या झटक्यात हाताखालून असं काहीतरी उतरतं:

विरहाचा क्षण
म्हातारीच्या डोळ्यांत
दुःखाचे घन

यमक चोख आहे, पण कवितेत काही दिसत नाही. विरह आणि दुःख हे शब्द वाचणाऱ्याला काय वाटावं ते आधीच सांगून टाकतात, आणि घन तर निव्वळ क्षणाशी जुळतो म्हणून आला आहे. आता भावनेचे शब्द काढून टाका आणि त्या म्हातारीने प्रत्यक्षात काय केलं ते आठवा.

एसटी निघून गेली
धुरळा बसेपर्यंत म्हातारी
हात हलवत राहिली

यात लेकीचा उल्लेख उरलेला नाही, तो लागतही नाही. पहिल्या ओळीनंतर जो थांबा आहे तिकडे लक्ष द्या. जपानी कवी ही फट पाडायला खास शब्द वापरतात. आपलं काम ओळ तोडल्याने होतं. दोन चित्रं शेजारी ठेवायची आणि मधला सांधा वाचणाऱ्यावर सोडायचा.

ऋतूची खूण घालायची का? परदेशी जाणाऱ्या कार्डात तर जरूर घाला. मात्र ती आपली असू द्या. चेरीचा बहर आणि बर्फ उसना आणू नका; आंब्याचा मोहर, मृगाचा पहिला शिरवा, ऑक्टोबरचं ऊन, हुरडा हे आपल्याकडे आहे आणि फिनलंडमधल्या माणसाने ते कधी पाहिलेलं नसतं. वीज जाणं हा काही पंचांगातला ऋतू नाही, पण जूनमधल्या गावाची खूण म्हणून मला तोही चालतो:

वीज गेली
कुठल्याशा भिंतीवर
पाल चुकचुकली

कार्ड कसलं

देशातल्या देशात पाठवायचं तर पोस्टातलं साधं कार्ड घ्या. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आलं, तेव्हा किंमत पाव आणा होती. पन्नास पैशांचं कार्ड आजही आहे आणि त्यावर तिकीट छापलेलंच असतं. आकार १४ बाय ९ सेंटिमीटर, पाठची बाजू पूर्ण कोरी. तीन ओळींना याहून चांगला कागद शोधायची गरज नाही.

परदेशी पाठवायला चित्राचं कार्ड लोकांना आवडतं, आणि ते घरीही करता येतं. ड्रॉइंगचा जाड कागद किंवा कार्डशीट घ्या. प्रिंटिंग प्रेसमध्ये कापून उरलेल्या पट्ट्या मागितल्या तर बरेचदा फुकट मिळतात. टपालाच्या आंतरराष्ट्रीय मापात कार्ड लहानात लहान १४० बाय ९० मिलिमीटर आणि मोठ्यात मोठं २३५ बाय १२० मिलिमीटर चालतं. चित्र काढा, ठसा उमटवा, जुन्या कॅलेंडरचा तुकडा चिकटवा; फक्त टिकल्या, बटणं, मणी असं उंचवट्याचं काही नको, कारण कार्ड यंत्रांतून आणि गठ्ठ्यांतून जातं. पावसाळ्यात शाईचं पेन आणि जेल पेन दोन्ही घरी ठेवा. साधं बॉलपेन ओलाव्याला पुरून उरतं.

पत्ता कुठून आणायचा

अनोळखी माणसांना कार्डं पाठवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे पोस्टक्रॉसिंग हे संकेतस्थळ. पोर्तुगालमधल्या पाउलो मागाल्याइंश या विद्यार्थ्याने जुलै २००५ मध्ये ते सुरू केलं. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. तुम्ही एक पत्ता मागता, जगातल्या कुणाचा तरी पत्ता येतो आणि सोबत एक आयडी येतो. भारतातून जाणाऱ्या कार्डाच्या आयडीत सुरुवातीला आयएन ही रोमन अक्षरं आणि पुढे आकडे असतात. तो कार्डावर लिहायचा. कार्ड पोचलं की घेणारा तो आयडी नोंदवतो, आणि मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी दिला जातो. ज्याला पाठवलं त्याच्याकडूनच उत्तर येईल असं नाही. मला ही व्यवस्था पत्रमैत्रीपेक्षा जास्त आवडते, कारण कुणावर उपकार नाही आणि कुणाकडे थकबाकी नाही. नव्या सभासदाला एका वेळी पाचच कार्डं वाटेवर ठेवता येतात; ती पोचत गेली की मर्यादा वाढते.

तुमचा पत्ता अनोळखी माणसांच्या हाती पडणार हे गृहीत धरा. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्टात पोस्ट बॉक्स भाड्याने मिळतो का ते विचारा, किंवा ऑफिसमध्ये परवानगी घेऊन तिथला पत्ता द्या. कार्डावर फोन नंबर लिहू नका. आलेल्या कार्डाचा फोटो कुठे टाकलात तर पत्त्याची बाजू झाका. मुलांना हा छंद लावायचा असेल तर नावनोंदणी आणि पत्ता आई-वडिलांनी सांभाळावा.

मागची बाजू भरताना

उजवीकडे पत्ता, वरच्या उजव्या कोपऱ्यात तिकिटं, डावीकडे मजकूर. खाली दोनेक सेंटिमीटर पट्टी मोकळी ठेवा, तिथे टपालखात्याचे छाप आणि बारकोड येतात. आयडी दोनदा लिहा, तिकिटांपासून लांब. एकावर शिक्का बसला तरी दुसरा वाचता येईल. देशाचं नाव शेवटच्या ओळीत, मोठ्या रोमन अक्षरांत. पत्ता चिनी किंवा रशियन लिपीत आला असेल तर छापून चिकटवणं उत्तम. रोमन अक्षरांतला घेतलात तरी देशाचं नाव विसरू नका.

भारतातल्या पत्त्याला सहा आकडी पिनकोड हवाच. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतातले कवी होते. तेव्हा कवितेच्या माणसांनी तरी पिनकोडाचा कंटाळा करू नये.

मजकुराचा क्रम असा ठेवा. वर तारीख, गाव आणि त्या दिवसाची हवा. मग हायकू, देवनागरीत, मोठ्या आणि सावकाश अक्षरात. परदेशी वाचणाऱ्याला ती लिपी हेच निम्मं चित्र असतं. त्याखाली इंग्रजीत सरळ अर्थ. त्यात यमक बसवायच्या फंदात पडू नका, नाहीतर मूळ गोष्टच हातून जाते. एसटी म्हणजे काय, एवढं एका वाक्यात सांगितलं की पुरे. शेवटी तुमचं नाव. पूर्ण नावाची गरज नाही.

लिहिण्याआधी समोरच्याने स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचा. कुणाला दीपस्तंभाची कार्डं हवी असतात, कुणाला मांजरांची, कुणाला फक्त तिकिटं. दीपस्तंभाचं कार्ड नसेल तर नसू दे. पण त्याने समुद्राबद्दल लिहिलं असेल आणि तुमच्या वहीत हर्णैच्या बंदरावरची नोंद असेल, तर तोच हायकू त्याला जावा. आणि कार्ड उघडं जातं हे ध्यानात ठेवा. पहिला वाचक पोस्टमन असतो.

पोस्टात

घरी केलेलं कार्ड असो की परदेशी जाणारं, तिकिटाचा दर खिडकीवर विचारून घ्या, कारण दर बदलतात आणि एखाद्या देशाची टपालसेवा अधूनमधून बंदही असते. एकच मोठं तिकीट लावण्यापेक्षा कमी किमतीची दोन-तीन वेगवेगळी लावा; घेणाऱ्याला ती बघायला मिळतात. मुंबई, पुणे, नागपूर, पणजी अशा मोठ्या पोस्टांत तिकीटसंग्राहकांची खिडकी असते, तिथे चित्रमय तिकिटं मिळतात. काउंटरवरच्या डबीतली खळ पातळ असते, म्हणून डिंकाची कांडी बरोबर न्या. वेळ असेल तर शिक्का समोरच हाताने मारून द्यायची विनंती करा. गर्दीच्या वेळी ही विनंती करू नये.

साखळी

एकदा हात बसला की रेंगाची जुनी रीत पोस्टाने करून बघा. त्यासाठी देशातले पाच-सहा हौशी लोक पुरतात, आणि ते एकमेकांना ओळखत नसले तर जास्त मजा. पहिल्याने तीन ओळी लिहून कार्ड दुसऱ्याला पाठवायचं. दुसऱ्याने दोन ओळी जोडून आख्खा मजकूर नव्या कार्डावर उतरवून तिसऱ्याला पाठवायचा. नियम एकच पाळा: प्रत्येकाने आधीच्या कडव्याशी नातं जोडायचं, त्याच्या आधीच्याशी नाही. एसटीच्या धुरळ्याला कुणी शेतातली मळणी जोडली, तर पुढच्याने मळणीवरून कुठेही जावं, पण स्टँडवर परत येऊ नये. त्यानेच साखळी पुढे सरकते. उत्तराला आठ दिवसांची मुदत ठेवा, नाहीतर कार्ड कुणाच्या तरी टेबलावर दिवाळीपर्यंत पडून राहतं.

पोस्टाशिवायही जमतं. शिकीचं गाव मात्सुयामा. तिथे गावभर, अगदी ट्रॅममध्येसुद्धा, हायकू टाकायच्या पेट्या आहेत. येणारा-जाणारा चिठ्ठीवर हायकू लिहून टाकतो, ठरावीक काळाने पेट्या उघडतात आणि निवडक हायकू जाहीर होतात. आपल्याकडे गावातल्या वाचनालयात अशी एक पेटी ठेवायला ग्रंथपालांची परवानगी, कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेलं पेन एवढंच लागतं. चिठ्ठी टाकणाऱ्याने पेटीतलीच कुणाची तरी एक चिठ्ठी काढून घ्यावी, असा नियम केला तर देवघेव आपोआप होते.

परदेशी कार्डाची वाट बघताना घाई नको. कधी दोन आठवड्यांत पोचतं, कधी दोन महिने लागतात. साठ दिवसांत नोंद झाली नाही तर पोस्टक्रॉसिंग त्या कार्डाची मुदत संपली असं धरून तुम्हाला दुसरा पत्ता मागू देतं. मात्र उशिरा पोचलेलं कार्ड वर्षभरापर्यंत नोंदवता येतं. म्हणून पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. कार्ड हरवलं तरी हायकू तुमच्याकडे राहतो, आणि तोच दुसऱ्या कुणाला पाठवता येतो.