बाळासाठी दालचिनीच्या वासाचं सफरचंद: पूड नको, साल घ्या

"बाळाच्या फळाच्या गरात चिमूटभर दालचिनीची पूड घाला" असा सल्ला कुणी दिला की मी त्या बाईला तिथेच अडवते. माझी दोन मुलं, जावेची दोन आणि वाड्यावरची आणखी काही, एवढ्यांसाठी फोंड्याच्या आमच्या घरात हा गर शिजला आहे. त्यात फसतो तो मसाल्याचा टप्पा. बाकीचं कुणालाही जमतं.

बाळाला सहा महिने पूर्ण झालेले असावेत, आधार दिल्यावर ते बसत असावं आणि मान सावरत असावं. आधी चार दिवस नुसतं सफरचंद द्या. ते पचलं, अंगावर काही उठलं नाही, की मगच मसाल्याचा विचार. फळ आणि मसाला दोन्ही एकाच दिवशी नवे दिलेत आणि पुरळ आलं, तर कशाने आलं ते कळणार नाही.

दोन सफरचंदं धुवा, साल काढा, बियांचा भाग काढून टाका, बारीक फोडी करा. पाण्यात उकळू नका. उकळलेल्या फळाची चव त्या पाण्यात जाते आणि ते पाणी आपण ओतून टाकतो. झाकणाचा छोटा स्टीलचा डबा घ्या, त्यात फोडी घालून वर दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण सैल ठेवा आणि डबा मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात बसवा. पंधरा मिनिटांत सुरी लोण्यासारखी आत जाते.

आता मसाला.

मोठ्या मुलीच्या वेळी मी पूडच वापरली होती. अगदी चिमूटभर. पहिल्याच घासाला तिला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लाल झाला आणि माझे हातपाय गार पडले. दालचिनी म्हणजे झाडाची साल. ती कितीही बारीक दळली तरी विरघळत नाही. गरात ती फुगते, बुळबुळीत होते, तिच्या गुठळ्या होतात, आणि कोरडी राहिलेली पूड श्वासाबरोबर आत ओढली जाऊ शकते. मोठ्या माणसाला ती नुसती घशात खवखवते. सात महिन्यांच्या बाळाला ती खोकून बाहेर टाकणं जड जातं.

पुडीबद्दलची माझी दुसरी तक्रार याहून मोठी आहे. दळलेल्या दालचिनीत काय मिसळलंय हे डोळ्यांना दिसत नाही. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या, दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांत शिसं सापडलं आणि ती पाकिटं बाजारातून परत घ्यावी लागली. शिसं आलं होतं ते दळलेल्या दालचिनीतून. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं, आणि वाढत्या मेंदूला त्याची सुरक्षित अशी मात्राच नाही. अख्खी साल हातात घेऊन पाहता येते, मोडता येते, हुंगता येते. म्हणून मी सालच घेते.

सालीतही दोन प्रकार आहेत. जाड, टणक, एकाच थराची वळलेली साल म्हणजे कॅशिया. बाजारात बहुतेक ठिकाणी दालचिनी म्हणून तीच मिळते. तिच्यात कुमारिन हे द्रव्य बरंच जास्त असतं आणि ते यकृताला चांगलं नाही. बाळासाठी हवी ती पातळ, कागदासारखे अनेक थर एकात एक गुंडाळलेली, बोटांनी दाबली की चुरा होणारी. तिच्यात कुमारिन नाममात्र असतं. आपण गोव्यात राहतो, त्यामुळे ही शोधायला फार लांब जावं लागत नाही. फोंड्याच्या आसपास कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागायतींत, सुपारीच्या सावलीत दालचिनीची झाडं असतात. ओळखीच्या कुळागरातून आणा, नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घरची साल घेऊन बसलेली एखादी बाई गाठा. तुकडा मोडून पाहिल्याशिवाय मात्र विकत घेऊ नका.

पूड सोडल्यावरही मी दोनदा चुकले. आधी साल फोडींबरोबर पहिल्यापासून शिजवली, चांगली वीस मिनिटं. गर तिखट आणि तुरट झाला आणि खाल्ल्यावर मुलीच्या ओठांभोवती लाल चट्टा उठला. दालचिनीचं तेल नाजूक कातडीला चावतं, हे त्या दिवशी कळलं. तासाभरात चट्टा गेला, पण ती दुपार मी विसरलेले नाही. मग साल खाली मोदकपात्रातल्या पाण्यात टाकून पाहिली. सगळ्या घराला वास सुटला आणि सफरचंदाला काहीच लागला नाही. वास देणारं तेल वाफेबरोबर उडून जातं, ते फळापाशी कोंडायला हवं.

तेव्हापासून मी करते ते असं. फोडी दहा मिनिटं शिजू द्या. मग डब्याचं झाकण काढून नखाएवढा, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटरचा सालीचा तुकडा फोडींवर ठेवा. खाली दाबू नका, वर दिसत राहू दे. या वेळी झाकण घट्ट लावा आणि पाच मिनिटं वाफ द्या. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं डबा उघडायचा नाही. नेमकं इथेच सगळ्यांना घाई होते, आणि घाई केली की वास झाकणाबरोबर निघून जातो. दहा मिनिटांनी उघडा, तुकडा काढून टाका. त्याचे थर सुटले असतील तर ते मोजून काढा. गर तुम्ही चाखाल तेव्हा तुम्हाला दालचिनी जेमतेम जाणवली पाहिजे. ठळक जाणवली तर ती बाळाला जास्त आहे. तेव्हा आणखी एक सफरचंद शिजवून त्यात मिसळा.

वेलची घालायची असेल तर तिचे दाणे गरात जाता कामा नयेत. एक हिरवी वेलची ठेचून दोन चमचे उकळत्या पाण्यात टाका, पाच मिनिटं झाका, पातळ फडक्यातून गाळा आणि ते पाणी चमचाभर वापरा. कुस्करलेल्या केळ्याला हे छान लागतं. केळं शिजवायची गरज नाही. मी रसबाळी घेते, साल काळे ठिपके पडण्याइतकी पिकलेली.

लवंग नको, ती फार जहाल. जायफळही नको, आणि इथे मी कुणाचंही ऐकत नाही. बाळ शांत झोपावं म्हणून सहाणेवर जायफळ उगाळून चाटवण्याची रीत आपल्या घरांत अजून आहे. माझ्या सासूबाईंनीही तसं सुचवलं होतं. मी त्यांना हात जोडून नाही म्हटलं. जायफळातलं मिरिस्टिसिन जास्त झालं की गुंगी येते, उलट्या होतात, छाती धडधडते. सहाणेवरच्या दोन वेढ्यांत ते किती उतरलं हे कुणालाच मोजता येत नाही. गुंगीला झोप समजू नका.

बाळ वर्षाचं होईपर्यंत मध वर्ज्य. त्यात बोट्युलिझमचे जीवाणू सुप्त अवस्थेत असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात. साखर, गूळ, मीठ यांतलं काही घालू नका. पिकल्या फळाला त्याची गरजच नसते.

आणि मानकुराद आंब्याला कसलाही मसाला लावू नका. एप्रिल-मेमध्ये तो घरात असताना बाळाला दुसरी चव शिकवायचं कारण नाही. फक्त देठाकडचा भाग जाड कापून टाका, चीक धुऊन काढा आणि साल खोल सोला. तो चीक बाळाच्या ओठांना भाजतो.

गर करायला मिक्सरपेक्षा पुरणयंत्र बरं. मिक्सरमध्ये हवा जाऊन गर फेसाळतो, आणि सालीचा एखादा थर चुकून राहिलाच तर तो बारीक होऊन दिसेनासा होतो. पुरणयंत्रात तो जाळीवर अडकतो. चमचा तिरका केला तर गर हळू घसरावा, पाण्यासारखा ओघळू नये. घट्ट वाटला तर आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घाला. आठव्या महिन्यापासून गाळणं सोडून काट्याने कुस्करा, नाहीतर बाळ चावायला शिकणार नाही.

सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरतात. हा गर म्हणजे जेवण नव्हे. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह बाहेरून लागतं आणि सफरचंदात ते नसल्यासारखंच असतं. नाचणीचं तिझान (पातळ लापशी), डाळ घातलेली पेज, पुढे अंडं आणि काटे नीट काढलेलं मासळीचं कुस्करण हे पोट भरण्यासाठी, फळ त्याच्या जोडीला. आईचं दूध चालूच. खाल्ल्यावर अंगभर पुरळ, ओठांना सूज, सारख्या उलट्या किंवा धाप दिसली तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरकडे न्या.

उष्टा चमचा लागलेला गर टाकून द्या, म्हणून खायला देण्याआधीच वेगळ्या वाटीत काढा. उरलेला गर गार होताच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. पावसाळा सोडून इतर महिन्यांत मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि महिन्याच्या आत वापरते. जून ते सप्टेंबर मात्र गोठवत नाही. आमच्याकडे पावसात वीज चार-चार तास जाते, गर वितळून पुन्हा गोठतो, आणि वरून पाहून ते कळत नाही. त्या महिन्यांत एकच सफरचंद शिजवते, रोज ताजं. सालीचा तुकडा तेव्हा अर्धाच.