नागपूरचा उन्हाळा अन् रात्रीची झोप: कूलर असूनही घाम येतो तर या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात कोणालाही विचारा, झोप झाली का, तर उत्तर ठरलेलं, कूलर चालू होता हो रात्रभर पण गरमी काही गेली नाही. अन् मग दुसऱ्या दिवशी माणूस दुकानात जाऊन मोठा कूलर बघतो, नाहीतर एसीचा हप्ता किती पडेल ते विचारतो. थांबा जरा. बहुतेक घरांत मशीनमध्ये काही खराबी नसते. हवेला निघायला वाट नसते, नाहीतर दिवसभर घर तापू दिलेलं असतं अन् रात्री दहा वाजता एका कूलरनं ते गार करून दाखवावं अशी आपली अपेक्षा असते.

आपल्याकडे 23 मे 2013 ला 47.9 डिग्री झालेलं आहे, त्यामुळे ऊन किती तपतं हे कोणी आपल्याला सांगायची गरज नाही. (2024 च्या मे अखेरीला एका ऑटोमॅटिक स्टेशनवर 56 डिग्री दिसलं म्हणून देशभर बोंब झाली होती, नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता, पण नागपूरकरांना तेव्हा फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं हेही खरं.) आपलं नशीब एकच चांगलं की ही गरमी कोरडी आहे. कोरड्या गरमीत कूलर जे काम करतो ते मुंबईत कधीच करू शकत नाही. म्हणजे हत्यार चांगलं आहे, चालवायची पद्धत चुकते.

सगळ्यात मोठी चूक: दार खिडक्या लावून कूलर

कूलरची हवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळं गच्च बंद करायचं. हे एसीचं डोकं आहे, कूलरला लागू होत नाही. कूलर हवा गार करतो ते पाणी उडवून. बाहेर 40 डिग्री अन् हवेत दमटपणा 20 टक्के असेल तर चांगल्या ओल्या ताट्यांतून (कूलरच्या बाजूंना पाण्यानं भिजणारे गवताचे पॅड) येणारी हवा 26 च्या आसपास मिळते, हे साधं गणित आहे, पण त्या हवेत आता भरपूर वाफ भरलेली असते. ती हवा खोलीबाहेर गेलीच नाही तर तासाभरात खोली दमट होते, घाम वाळत नाही, चादर ओलसर लागते अन् माणूस म्हणतो कूलर बेकार आहे. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असेल तर अजून एक गोष्ट होते, आतली हवा निघत नाही म्हणून पंखा नवीन हवा ढकलूच शकत नाही, आवाज तेवढाच येतो पण झोत अर्धा होतो.

उपाय फुकटचा आहे. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, एक पल्ला तरी. बरोबर उघडलं की नाही हे बघायचं असेल तर त्या खिडकीच्या फटीशी ओढणीचं टोक धरा. टोक बाहेरच्या बाजूला ओढलं गेलं पाहिजे. लटकतच राहिलं तर हवा अडली आहे, अजून उघडा. आत उडत असेल तर बाहेरचा वारा आत घुसतोय, मग दुसऱ्या बाजूची खिडकी उघडून बघा.

अन् याचाच फायदा करून घेता येतो. हवा जिथून बाहेर जायला वाट मिळते तिकडेच जाते. कूलर हॉलमध्ये आहे अन् झोपायची खोली आत आहे, तर हॉलच्या खिडक्या अन् किचन बंद करा, मधलं दार उघडं ठेवा अन् फक्त झोपायच्या खोलीची खिडकी उघडा. एका कूलरमध्ये दोन खोल्या निघतात. पुष्कळ लोक इथं पाइप जोड, दुसरा छोटा कूलर घे असं काहीबाही करत बसतात.

बेसा, मनीषनगरकडच्या फ्लॅटमध्ये खिडकीला स्टँड लावू देत नाहीत म्हणून प्लास्टिकचा कूलर पलंगाशेजारी ठेवतात. तो तिथं खोलीतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओली करत बसतो. त्याची पाठ उघड्या खिडकीला लावा, बाहेरची कोरडी हवा मागून मिळाली पाहिजे, अन् निघायला दुसरी वाट ठेवा.

ताट्या एकदा हात लावून बघा

हे कोणी करत नाही. पंप चालू करा, पंधरा मिनिटं थांबा, मग मेन बंद करून, पिन काढून, बाजूची ताटी उघडा अन् उजेडात बघा. गवतावर वरून खाली एखादा फिकट कोरडा पट्टा दिसेल. वर त्या जागी नळीचं भोक पांढऱ्या क्षारानं बुजलेलं असतं, बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे तर हमखास. झाडूची काडी घालून भोक मोकळं करायचं, झालं. दुसरं म्हणजे वुड वूलचं गवत, म्हणजे ताटीत भरलेला लाकडाचा बारीक भुसकट-धागा, ओलं होऊन खाली बसतं अन् ताटीच्या वरच्या भागात दोन बोटांची मोकळी जागा पडते. हवा आळशी असते, ओल्या गवतातून जाण्यापेक्षा त्या मोकळ्या जागेतून सरळ गरमच्या गरम आत येते. मूठभर गवत वर दाबून भरा. गवताच्या ताट्या दरवर्षी बदलायच्याच, त्यात कंजूषी नको. हनीकॉम्बवाल्या, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या जाड कागदाच्या ताट्या, काही सीझन टिकतात पण क्षार त्यांच्यावरही बसतोच, म्हणून टाकीतलं जुनं पाणी अधूनमधून पूर्ण काढून टाका, नुसतं वरून भरत राहू नका.

लावताना आधी पंप, ताट्या पूर्ण भिजल्या की मग पंखा. उलटं केलं तर पहिली पाच मिनिटं धूळ अन् झळ दोन्ही तोंडावर.

बर्फ? टाकीत बर्फ टाकण्याचे व्हिडिओ सगळ्यांकडे आलेले असतात. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या साधारण सातपट उष्णता एक लिटर पाणी उडताना घेतं, अन् कूलर तर तासाला कितीतरी लिटर पाणी उडवतो. म्हणजे फ्रीज रात्रभर राबवून केलेला बर्फ टाकीत गेला की जरा वेळ बरं वाटतं अन् संपलं. तो बर्फ पन्ह्यात टाका.

अन् वरच्या मजल्यावर असाल तर कूलरसोबत सीलिंग फॅन पाचवर ठेवू नका. छताला चिकटलेली गरम हवा तो तुमच्या अंगावर ढकलतो. बंद ठेवा नाहीतर एकवर.

स्लॅब रात्री उष्णता सोडतो, दुपारी नाही

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं खरं दुखणं इथं आहे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो अन् ती उष्णता आत पोहोचायला काही तास लागतात, म्हणून बाहेर वारा बरा सुटलेला असतो तेव्हा रात्री दहा अकराला घरात भट्टी असते. स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघा, भिंतीपेक्षा कितीतरी गरम लागेल. भाकरी उतरवल्यावर तवा कसा बराच वेळ तापलेला राहतो, तसंच.

मग लोक काय करतात तर दुपारी दोन वाजता गच्चीवर बादल्या ओततात. ते पाणी डोळ्यांसमोर उडून जातं अन् पुढचे चार तास ऊन पुन्हा तापवायला मोकळं. पाणी मारायचं तर सूर्य गेल्यावर, अन् एकदाच भरपूर नाही, थोडं थोडं दोनतीनदा, वाळलं की पुन्हा. पाण्याची तंगी असेल तर जुनी पोती अंथरून तीच भिजवा, कमी पाण्यात जास्त वेळ ओल राहते. कपडे धुतल्यानंतरचं शेवटचं खंगाळायचं पाणी यासाठी चालतं.

त्याहून चांगलं म्हणजे ऊन पिऊच न देणं. होळीच्या सुमारास गच्ची झाडून चुन्याचे दोन हात मारा, टिकावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल घालतात, पैसे असतील तर कूल रूफचा पांढरा पेंट घ्या. चुना कालवताना हातमोजे घाला अन् डोळे सांभाळा, हे गमतीत घेऊ नका. नंतर महिन्याभरात त्यावर धूळ बसून तो मातकट होतो, म्हणून मधून मधून झाडू मारला पाहिजे, नाहीतर पांढऱ्याचा उपयोग काय. हिरवी नेट लावणारे बरेच जण ती सरळ स्लॅबवर अंथरतात, तसं केलं तर नेटही तापते अन् स्लॅबही. ती उंचावर बांधा, खालून वारा फिरला पाहिजे.

खिडक्यांचं पण असंच उलटं चालतं. दुपारी हवा यायला पाहिजे म्हणून उघड्या अन् रात्री चोर, मच्छर म्हणून बंद. सकाळी आठ साडेआठनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम व्हायला लागते, तेव्हा बंद करा, पडदे ओढा, पश्चिमेच्या खिडकीला तर बाहेरून काहीतरी टांगा, ताडपत्री, चटई, वाळ्याची ताटी, काहीही. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, बाहेरचा आधीच अडवतो, फरक मोठा आहे. दिवसा कूलर चालू असेल तेव्हा मात्र वर सांगितलेली निघायची वाट उघडीच राहील, तिथं गोंधळ करू नका. रात्री बाहेर गार वाटायला लागलं की जाळी लावून सगळं उघडा.

एसी असेल तर

दोनच चुका सांगतो. एक, 16 वर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही, साध्या एसीचा कॉम्प्रेसर 16 ला काय अन् 25 ला काय तेवढ्याच जोरानं सुरुवात करतो, फक्त 16 ला तो थांबतच नाही अन् बिल वाढतं. 2020 पासून स्टार लेबलवाल्या एसींना सुरुवातीची सेटिंग 24 देणं बंधनकारक केलंय ते काही उगाच नाही. 25-26 अन् सोबत पंखा हळू, झोप मस्त लागते. दोन, त्याच खोलीत कूलर. कूलर हवेत पाणी टाकतो, एसी तेच पाणी काढत बसतो, तुम्ही दोघांचं बिल भरता.

अंथरूण अन् अंग

जाड फोमची गादी अंगाची गरमी धरून ठेवते. उन्हाळ्यापुरती कापसाची पातळ गादी किंवा सतरंजी काढा, चादर सुती, नवी कडक नाही, धुवून मऊ झालेली. तळमजल्यावर असाल तर सरळ फरशीवर चटई टाका. गच्चीवर झोपायची महाल, इतवारीतल्या जुन्या घरांची पद्धत आजही उत्तम आहे, पण अंथरूण फरशीवर टाकू नका, ती अजून तापलेली असते. बाज किंवा खाट घ्या, खालून हवा लागते, वर मच्छरदाणी.

झोपायच्या आधी बर्फासारख्या पाण्यानं आंघोळ करायची इच्छा सगळ्यांना होते. झोप लागायला शरीराला आतली उष्णता कातडीवाटे बाहेर टाकावी लागते, अन् फार गार पाण्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा घाम. साध्या नाहीतर किंचित कोमट पाण्यानं करा, अंग पूर्ण पुसू नका, तसंच पंख्याखाली बसा. गच्चीच्या टाकीचं पाणी संध्याकाळी तसंही कोमटच येतं म्हणा.

अन् सावजी रात्री साडेदहाला खाऊन झोप येत नाही अशी तक्रार असेल तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही. दुपारी खा. बिअरनं गार वाटतं पण अंगातलं पाणी कमी होतं अन् पहाटे जाग येते.

घरात म्हातारी माणसं, लहान लेकरं असतील तर रात्री एकदा उठून बघा. अंग चटका लागेल इतकं गरम, बोलणं असंबद्ध, उठवून नीट जाग येत नाही, असं दिसलं तर कूलर नीट करत बसू नका, अंग ओलं करून पंखा लावा अन् 108 ला फोन करा.

करंट अन् मच्छर

पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय अन् दोन पिनचा प्लग. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात पाणी भरणारी लेकरं पण असतात. तीन पिनच, अन् घराची अर्थिंग खरंच चालू आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, जीवापुढे तो खर्च काहीच नाही. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन काढा.

जूनच्या मध्यात पाऊस आला की हवा बदलते. 34 डिग्री अन् 70 टक्के दमटपणा असताना कूलर कितीही चांगला असला तरी 29-30 च्या खाली जाऊच शकत नाही, उलट चिकचिक वाढते. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा चालवा अन् खिडक्या सगळ्या उघड्या. काही जण पंप बंद करतात पण टाकीत पाणी तसंच महिनाभर पडून राहतं, डेंग्यूचा मच्छर अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. सीझनमध्ये आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून वाळवायची. अन् कूलर माळ्यावर टाकायच्या आधी टाकीच्या आतल्या भिंती ब्रशनं घासा, कारण या मच्छराची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात, वाळली तरी काही महिने जिवंत राहतात, अन् पुढच्या मार्चमध्ये पाणी भरलं की फुटतात.