गेम बॉयवर चिपसंगीत: रचना एम्युलेटरवर, निवाडा डीएमजीवर

चिपसंगीतासाठी, म्हणजे जुन्या गेमयंत्राच्या आवाजाच्या चिपवर केलेल्या संगीतासाठी, जुनं यंत्र हवंच का, की एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, भागतं? रचना, खोडाखोड आणि फाइलींच्या प्रती ठेवणं एम्युलेटरवर सोयीचं जातं. खर्ज किती ठेवायचा आणि वेव्ह चॅनलचे खटके कुठे ऐकू येतात, हे मात्र १९८९ च्या राखाडी गेम बॉयवर, म्हणजे डीएमजी-०१ वरच ठरवा. इथली पद्धत योहान कोत्लिन्स्की यांच्या एलएसडीजे या ट्रॅकरसाठी, म्हणजे गेम बॉयवर पावलापावलाने सूर लिहून गाणं रचायच्या प्रोग्रामसाठी आहे.

आधी चिपच्या मर्यादा पाहू. चार चॅनल, म्हणजे चार स्वतंत्र आवाज मिळतात. त्यातले दोन पल्स चॅनल आहेत आणि त्यांच्या पल्सची रुंदी १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के ठेवता येते. तिसरा वेव्ह चॅनल ४ बिटांचे ३२ नमुने फिरवत राहतो, चौथा नॉइज, म्हणजे खरखरीचा. पल्स ६४ हर्ट्‌झच्या खाली उतरत नाही, वेव्ह ३२ पर्यंत जातो, त्यामुळे बेस वेव्हवरच टाका. वरच्या सप्तकात सूर ढळतात, कारण पल्सच्या वारंवारता १,३१,०७२ भागिले पूर्णांक अशाच मिळतात. २,०९३ हर्ट्‌झचा सूर हवा असेल तर हाताशी २,०८१ किंवा २,११४ एवढंच असतं: एक सुमारे १० सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली, दुसरा १७ सेंट वर. हे यंत्रावर आणि एम्युलेटरवर सारखंच घडतं. त्या पट्टीत दोन पल्स एकाच सुरात लांब धरू नका आणि व्हायब्रॅटो थोडा जास्त ठेवा, म्हणजे कानाला टोचत नाही.

एम्युलेटर म्हणून सेमबॉय घ्या. मॉडेल डीएमजी निवडा. ऑडिओच्या सेटिंगमध्ये हाय-पास फिल्टर ‘अ‍ॅक्युरेट’वर ठेवा, इंटरफिअरन्स शून्यावर. हा फिल्टर बंद ठेवून रचना केली, तर यंत्रावर पोचल्यावर बेस अंगाने बारीक वाटतो, कारण यंत्राच्या आउटपुटमधले कपॅसिटर खालचा भाग कापतात. कलर गेम बॉय तो आणखी जास्त कापतो. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर जुनी गेम चालते, पण तिथे मिसळणी डिजिटल आहे आणि आवाज कोरडा, खरबरीत येतो. त्यावर मिक्स ठरवू नका.

दुसरी गोष्ट वेगाची. गेम बॉयचा पडदा सेकंदाला ५९.७३ वेळा ताजा होतो, मॉनिटर ६०. एम्युलेटर मॉनिटरच्या तालावर चालवला की लय आणि पट्टी दोन्ही सुमारे ०.४६ टक्के चढतात, म्हणजे जवळपास ८ सेंट. एकट्या गाण्यात कळणार नाही. सोबत गिटार किंवा हार्मोनियम असेल तर लगेच कळतं. त्यामुळे एम्युलेटरचा वेग मॉनिटरवर नाही, ऑडिओवर बांधा. जपानी-अमेरिकी सुपर निन्टेंडोमध्ये बसणारा पहिला सुपर गेम बॉय तर २.४ टक्के जास्त वेगाने पळतो. साथीसाठी तो वापरूच नका.

एलएसडीजेची रचना अशी: साँग स्क्रीनवर चेन, चेनमध्ये फ्रेज, फ्रेजमध्ये १६ पावलं. सिलेक्ट बटण धरून उजवीकडे गेलात की एक पायरी आत शिरता. रिकाम्या जागी ए बटण दोनदा दाबलं की नवी चेन किंवा फ्रेज तयार होते. टेम्पो १५० आणि ग्रूव्ह, म्हणजे दर पावलाचे टिक (वेळेचं सर्वांत लहान माप), ६/६ ठेवलात तर चार पावलांच्या एका ठोक्याला २४ टिक पडतात, म्हणजे सेकंदाला ६०. ग्रूव्ह ८/४ केलात की ठेका झुलतो आणि टेम्पो तोच राहतो. तिसऱ्या सुराची गरज लागली की चॅनल वाया घालवू नका. पल्सच्या सुरापुढे सी ३७ ही कमांड लिहा, मायनर कॉर्ड घरंगळत वाजते. सी ४७ लिहिलंत तर मेजर.

नॉइज चॅनलमध्ये खरखरीच्या लांब पॅटर्नवरून आखूड पॅटर्नवर आवाज वाजत असतानाच गेलात, तर कधी कधी चॅनल एकदम गप्प होतो. खरखर तयार करणाऱ्या शिफ्ट रजिस्टरचे खालचे सगळे बिट सारखे होऊन अडकतात, हे त्याचं कारण. सूर पुन्हा ट्रिगर केला, म्हणजे नव्याने सुरू केला, की सुटतो. म्हणून पॅटर्न बदलायचा तर नव्या सुरावर बदला, वाजत्या सुरात नको.

आता यंत्रावर नेऊया. एलएसडीजेला १२८ किलोबाइट सेव्ह मेमरीचं कार्ट्रिज लागतं; सेव्ह फाइल १,३१,०७२ बाइटची भरली पाहिजे. ३२ किलोबाइटचं साधं कार्ट्रिज चालणार नाही. ड्रमकिट रॉममध्ये, म्हणजे एलएसडीजेच्या प्रोग्राम फाइलीत असतात, सेव्हमध्ये नाही. त्यामुळे एम्युलेटरवर जी रॉम वापरली तीच कार्ट्रिजवर टाका, नाहीतर गाणं उघडेल पण ढोलाच्या जागी भलतंच वाजेल. नव्या आवृत्तीत साठवलेलं गाणं जुन्या आवृत्तीत उघडू नका.

सर्वांत जास्त गाणी एम्युलेटरच्या सेव्ह स्टेटमुळे, म्हणजे त्या क्षणाची सगळी अवस्था गोठवून ठेवणाऱ्या सोयीमुळे जातात. कालचा स्टेट उघडलात की सेव्ह मेमरीही कालची होते आणि आजचं काम पुसलं जातं. एलएसडीजे वापरताना सेव्ह स्टेटला हातच लावू नका. प्रोजेक्ट स्क्रीनमधून गाणं साठवा, एम्युलेटर बंद करा आणि सेव्ह फाइलीची तारीख घालून प्रत काढा. यंत्रावर हाच धोका उतरलेल्या सेलचा असतो. लाल दिवा मंद झाला की थांबा, कारण व्होल्टेज घसरत असताना लिहिलं की मेमरी बिघडते. एसडी कार्डचं कार्ट्रिज करंट जास्त खातं, तिथे एए आकाराचे चार ताजे सेल घाला.

जुना डीएमजी विकत घेतल्यावर आधी स्वच्छता करा. तीन पात्यांच्या डोक्याचे सहा स्क्रू असतात, दोन सेलच्या खणात; साधा पेचकस लावून डोकं खराब करू नका. दोन बोर्ड एका रिबन केबलने जोडलेले असतात, ती सरळ ओढा. कार्ट्रिजचे आणि सेलचे संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसा. पडद्यावर उभ्या रेषा गायब असतील तर पडद्याच्या खालच्या कडेच्या केबलवरून हलक्या तापाचं सोल्डरिंग आयर्न सावकाश फिरवा, बहुतेक रेषा परत येतात. एका जागी थांबलात तर केबल जळते.

हेडफोनच्या खाचेतून येणारा आवाज आतल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो, तिथे खरखर मिसळते. रेकॉर्डिंगसाठी त्याच्या आधीच सिग्नल काढा. व्हॉल्यूमच्या पोटेंशियोमीटरचे इनपुट पाय शोधायचे. लाइन-इनला जोडलेल्या वायरच्या टोकाला १ मायक्रोफॅरड कपॅसिटर लावा आणि गाणं चालू ठेवून पायांना टेकवा. ज्या दोन पायांवर चाक फिरवूनही पातळी बदलत नाही, ते डावं आणि उजवं इनपुट. जमीन, म्हणजे ग्राउंड, सेलच्या ऋण टोकाशी मल्टिमीटरने तपासा. मग सेल काढा आणि शिल्डेड वायर डाग देऊन आरसीए सॉकेटपर्यंत आणा. प्रत्येक वाटेत तोच कपॅसिटर मालिकेत ठेवा. १० किलोओहमच्या इनपुटवर तो १६ हर्ट्‌झच्या आसपासच्या खालचा भागच कापतो, म्हणजे खर्ज शाबूत राहतो. सॉकेट, वायर, कपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात. बॅकलाइट बसवलेल्या यंत्रात शिट्टीसारखा आवाज आला तर तो दिवा बंद करून ऐका. बहुधा तोच कारण असतो.

आता एम्युलेटरवर चांगलं वाटलेलं गाणं याच वाटेने ऐका. वेव्ह चॅनलच्या मेमरीत चॅनल चालू असताना डीएमजीला धड लिहिता येत नाही, म्हणून तो थांबवून भरतात आणि त्या क्षणी टिक् पडते. वाजत्या वेव्हला पुन्हा ट्रिगर केलं तर मेमरीचे पहिले चार बाइट बिघडू शकतात. कलर गेम बॉयमध्ये ही खोड नाही. कमी अचूक एम्युलेटर हे दाखवतच नाहीत. खटके खुपत असतील तर दोन वेव्ह सुरांमध्ये के कमांडने आधी आवाज तोडा, किंवा टिक् किकच्या ठोक्याखाली येईल अशी जागा निवडा.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर करा, शिखर उणे ६ डेसिबलपर्यंत. चिपमध्ये पॅनिंग फक्त डावं, उजवं आणि मध्य असतं, त्याचा फायदा घ्या: पल्स १ पूर्ण डावीकडे आणि वेव्ह पूर्ण उजवीकडे ठेवून बाकी दोन म्यूट करा, एक फेरी घ्या, मग पल्स २ आणि नॉइजची दुसरी. चारही चॅनल वेगळे मिळतात. दोन्ही फेऱ्यांच्या सुरुवातीला चारही चॅनलवर एकाच पावलात एक आखूड सूर ठेवा. फेऱ्या जुळवायला तोच खूण म्हणून वापरा आणि मिक्स झाल्यावर कापून टाका.