गाडी बाहेरचं तापमान चुकीचं दाखवतेय? सेन्सर घरीच असा तपासा

मे महिन्यात मालवणात किंवा वेंगुर्ल्यात गाडीचा एसी अचानक थंड करेनासा झाला की बरेच जण आधी गॅस भरून घेतात. त्याआधी डॅशबोर्डवरचा बाहेरच्या तापमानाचा आकडा बघा. तिथे उणे ४० किंवा नुसत्या रेघा दिसत असतील, तर गॅसचा खर्च थांबवा. ऑटोमॅटिक एसीच्या अनेक गाड्यांत बाहेर कडाक्याची थंडी आहे असं गाडीतल्या संगणकाला वाटलं, की तो कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही.

हे तापमान मोजतो तो एक छोटासा थर्मिस्टर. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे असतो. काहींत बाजूच्या आरशाखाली. गार झाला की त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो, तापला की घटतो. एवढं लक्षात ठेवलंत तर निम्मं निदान बसल्या जागी होतं. वायर तुटली किंवा पिनांवर गंज चढला की रोध वाढतो आणि गाडीला थंडी वाटते. कनेक्टरमध्ये खारं पाणी शिरलं की रोध घटतो आणि भर पावसात आकडा पन्नाशीकडे जातो.

आधी खरंच बिघाड आहे का, ते ठरवा. उन्हात लावलेली गाडी ४२-४५ अंश दाखवते, त्यात काही चूक नाही. दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत इंजिन चालू ठेवलंत तरी आकडा चढतो, कारण बोनेटखालची धग सेन्सरपर्यंत पोचते. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं एका वेगाने गाडी चालवा आणि मग सावलीतल्या थर्मामीटरशी ताडून बघा. दोन-तीन अंशांचा फरक सोडून द्या. सावंतवाडीकडची मंडळी आंबोलीला जाताना आयती चाचणी करू शकतात. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे घाट चढताना आकडा चारेक अंशांनी उतरायला हवा. तो ढिम्म हलला नाही, तर पुढच्या तपासणीला लागा.

इंजिन बंद करून थंड होऊ द्या, किल्ली काढा. रेडिएटरचा पंखा कधी कधी आपोआप फिरतो, म्हणून हे टाळू नका. टॉर्च घेऊन जाळीतून आत बघा. बंपरचं काम झालेलं असेल तर सेन्सर क्लिपमधून सुटून लोंबकळत असतो आणि कंडेन्सरला (एसीच्या तापणाऱ्या जाळीला) टेकला की सतत जास्त तापमान दाखवतो. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर हे हमखास घडतं. पिवळ्या कनेक्टरला मात्र हात लावू नका, तो सहसा एअरबॅगचा असतो.

आता कनेक्टर. किनाऱ्यावरच्या गाडीत माझा पहिला संशय त्याच्यावरच असतो, सेन्सरवर नाही. लॉक दाबून तो हळूच ओढा, वायरीला धरून ओढू नका. आतल्या दोन पिना स्वच्छ, चकचकीत दिसायला हव्यात. खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट-पांढरी पूड धरते आणि जुनं रबरी सील कडक होऊन चिरलेलं असतं. काँटॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडण्या साफ करायचा स्प्रे) मारा, मऊ ब्रशने पूड काढा, पूर्ण वाळू द्या आणि कनेक्टर दोन-तीनदा लावून-काढून बघा. बऱ्याच गाड्या इथेच सुधारतात.

सुधारली नाही तर मल्टिमीटर घ्या. २०० किलोओमच्या रेंजवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना टोकं लावा. अनेक सेन्सर २५ अंशांना सुमारे १० किलोओम, ४० अंशांना पाच-साडेपाच आणि शून्याला तीसच्या आसपास दाखवतात. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. सेन्सर मुठीत धरा, रोध सावकाश आणि सलग घटत गेला पाहिजे. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या पाण्यात धरा, तो वाढत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली, काहीच बदल झाला नाही किंवा मीटरने अमर्याद रोध दाखवला, तर सेन्सर गेला.

सेन्सर ठणठणीत असेल तर दोष वायरिंगचा किंवा संगणकाचा. किल्ली चालू करून सुटलेल्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा, साधारण ५ व्होल्ट यायला हवं. ते आलं नाही तर बहुधा वायर कुठेतरी तुटली किंवा शॉर्ट झाली आहे. आलं असेल तर किल्ली बंद करून त्या पिनांमध्ये १० किलोओमचा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा छोटा सुटा भाग) अडकवा आणि पुन्हा चालू करा. १० किलोओमच्या सेन्सरची गाडी असेल तर आकडा २५ च्या जवळपास येईल. आकडा आला म्हणजे वायर आणि संगणक ठीक आहेत. हे काम नवखं वाटत असेल तर इथून पुढे ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा, पण आतापर्यंत काय काय तपासलं ते त्याला सांगा. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर हाताशी असेल तर पी००७२ कोड बहुधा शॉर्ट सुचवतो आणि पी००७३ तुटलेलं सर्किट. साध्या स्कॅनरला एसीच्या संगणकातले कोड कित्येकदा दिसतच नाहीत.

नवा सेन्सर लावताना कनेक्टरच्या सीलवर थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात खारी ओल आत शिरणार नाही. आकडा लगेच बदलला नाही म्हणून सेन्सर पुन्हा काढू नका. उभ्या गाडीत अनेक संगणक जुना आकडाच धरून ठेवतात, थोडं अंतर चालवलं की तो जागेवर येतो.